दाई-बेडकाची काळी गादी



‘खाण तशी माती’ ही म्हण आनुवंशिकतेचा अर्धाच प्रश्न सांगते. खाणीवर तिच्या हयातीत झालेले संस्कारही मातीत उतरतात काय, हा उरलेला अर्धा. लामार्कने १८०९ साली त्याला होकार दिला. पुढे वाइसमानने उंदरांच्या शेपट्या पिढ्यानुपिढ्या कापल्या. पिल्ले शेपटीसह जन्मतच राहिली. (आपल्याकडे शतकानुशतके टोचले जाणारे कान त्याने पाहिले असते, तर ते उंदीर सुखाने नांदते!) परंतु लामार्कचा भर इजेवर नव्हता, सवयीवर होता. वाद मिटला नाही.

व्हिएन्नाच्या पाउल कामेररने या वादासाठी दाई-बेडूक निवडला. यातील नर अंड्यांची माळ मागील पायांना गुंडाळून वागवितो, म्हणून हे नाव. त्याचे मीलन जमिनीवर होते. पाण्यात मीलन करणाऱ्या इतर बेडकांच्या नरांना मादी निसटू नये म्हणून पंजावर काळी, खरबरीत गादी येते. याला ती नसते. कामेररने उष्णता वाढवून या प्राण्यांना पाण्याकडे वळविले आणि काही पिढ्यांनंतर नरांना गादी आली, असे जाहीर केले. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ते प्राणी नष्ट झाले. गादीचा एकच नमुना बाटलीत उरला.

१९२६ मध्ये अमेरिकेच्या नोबलने तो तपासला. गादीवरील काटे दिसले नाहीत; काळेपणा कातडीखाली टोचलेल्या शाईचा निघाला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला कामेररने डोंगरात स्वतःवर गोळी झाडून घेतली. शाईचा निष्कर्ष त्याने मान्य केला होता. ती आपण टोचली, हे मात्र अखेरपर्यंत नाकारले. टोचणारा कोण, हे आजही सिद्ध झालेले नाही. आर्थर कोस्लरने १९७१ साली एक पुस्तक लिहून त्याची बाजू मांडली. पण त्यात वकिलाचा आवेश अधिक आहे.

खरी गोम शाईत नाहीच. गादी अस्सल असती तरी ती पूर्वजांच्या विसरलेल्या गुणाचे पुनरागमन ठरू शकली असती, आणि हे स्वतः कामेररही जाणून होता. २००९ साली आलेक्झांडर वार्गासने जनुकांचे अक्षर न बदलता त्यांचा वापर बदलणाऱ्या यंत्रणेशी त्या नोंदींचा मेळ घालून पाहिला. तोही तर्कच. त्यासाठी बेडकांच्या पिढ्या पुन्हा पाण्यात वाढवाव्या लागतील. आणि कामेररच्या त्या प्रयोगशाळेची इमारत तर १९४५ च्या युद्धात जळाली.