बोरघाट : वाट पाडणाऱ्यांची गोष्ट



मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. फलाटावर वड्यांची घाई चाललेली असते आणि त्याच वेळी गाडीच्या मागच्या टोकाला जादा इंजिने जोडली जात असतात. रेल्वेची माणसे त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचे इंजिन ओढणार, मागची रेटणार, तेव्हा कुठे गाडी घाट चढणार. कर्जत ते लोणावळा हे अंतर अठ्ठावीस किलोमीटरांचे, पण तेवढ्यात साधारण साडेपाचशे मीटरांची चढण आहे. त्या चढणीचे नाव बोरघाट. आजचे माझे बोलणे या घाटाविषयी आहे, आणि त्याहून जास्त तो ज्यांनी फोडला त्यांच्याविषयी.

आधी डोंगर पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीतून लाव्हारस वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. थरावर थर चढत गेले. त्यातला एखादा थर पोलादासारखा कठीण, तर त्याच्या खालचा ठिसूळ. पाऊस ठिसूळ थर झिजवतो आणि कठीण थर कडा होऊन उभा राहतो. म्हणून सह्याद्रीची कोकणाकडची बाजू एकदम तुटलेली दिसते आणि देशाकडची हळूहळू उतरत जाते. या तुटलेल्या बाजूला ओढ्यांनी खाचा पाडल्या, सोंडा कोरून काढल्या आणि अशाच एका सोंडेच्या आधाराने माणूस वर चढला.

या कड्यावरचे पाणी पाहण्यासारखे आहे. उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या कुशीतून खाली झेपावते आणि वसईच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. इंद्रायणी तिथून हाकेच्या अंतरावर, कुरवंड्याजवळ उगम पावते; पण ती पाठ फिरवून देहू-आळंदीला जाते, भीमेला मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागराला पोचते. निसर्गाची ही वाटणी माणसाने मात्र बदलली. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरवटा अशी धरणे बांधली, पूर्वेकडे जाणारे पाणी अडवले आणि नळांतून कड्याखाली खोपोलीला सोडले. १९१५ पासून त्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. वीज देऊन झाल्यावर ते पाणी पाताळगंगेतून कोकणात जाते.

वाट किती जुनी, हे लेण्यांवरून कळते. घाटमाथ्यावर कार्ले, भाजे, बेडसे आणि घाटाच्या पायथ्याशी, उल्हासच्या खोऱ्यात कोंडाणे. कोकणातल्या बंदरांतला माल या वाटेने वर यायचा, देशावरचा खाली उतरायचा. भिक्षूंचे विहार या रहदारीच्या आधाराने उभे राहिले, वाटसरूंनाही त्यांचा आसरा होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर वरच्या लाकडी कमानी नक्की पाहा. दोन हजार वर्षांचे ते लाकूड अजून जागेवर आहे. मग खांबांवरची आणि व्हरांड्यातली ब्राह्मी अक्षरे पाहा. तिथे दात्यांची नावे कोरली आहेत. कुणी सोपाऱ्याचा, कुणी वैजयंतीचा श्रेष्ठी, कितीतरी धेनुकाकटचे, त्यांत यवनही. आणि दर्शनी भागावर एका सुताराचे नाव आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा. दाराचे काम त्याने केले. सातवाहनांच्या काळात एका सुताराचे नाव, बापाच्या नावासकट, दगडात कोरून ठेवावेसे कुणाला तरी वाटले. हे नाव लक्षात ठेवा.

घाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती देशाची किल्ली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मोगलांच्या कारतलबखानाला याच भागात, उंबरखिंडीत गाठले. खान कुरवंड्याच्या आडवाटेने उतरला आणि दाट रानात कोंडला गेला. शरण येऊन, सगळे सामान टाकून त्याला सुटका करून घ्यावी लागली. पुढे १७७८-७९ च्या हिवाळ्यात इंग्रजांची फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून आली. तोफा, रसद आणि हजारो बैल यांच्यामुळे ती गोगलगाईच्या चालीने सरकत होती. मराठ्यांनी पुढचा मुलूख ओसाड करून ठेवला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावर शत्रूनेही जीव टाकला आणि ‘इष्टुर फाकडा’ म्हणून तो मराठी मुलखाच्या आठवणीत राहिला. वडगावला इंग्रजांनी गुडघे टेकले. मला वाटते, महादजी शिंद्यांच्या मुत्सद्देगिरीला या विजयाचे जितके श्रेय आहे, तितकेच त्या चढणीला द्यायला हवे.

पेशवाई गेली आणि इंग्रजांनी पक्की सडक बांधली. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ती खुली केली. त्या सडकेवरचा दगडी पूल आपल्या पिढीने ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ते मोकळे असताना, तो पाडण्यात आला.

आता रेल्वे. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, खाली खोपोलीपर्यंतही गाडी येत होती. मधला घाट मात्र उतारूंना पालखी, तट्टू नाही तर बैलगाडीने ओलांडावा लागे. हे मधले अंतर जोडण्याचे काम १८५६ मध्येच सुरू झाले होते. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले. पंचवीस बोगदे, दऱ्यांवरचे उंच पूल आणि दर सदतीस फुटांना एक फूट अशी काही ठिकाणची चढण. कड्यावर उभे राहायला जागा नव्हती, म्हणून माणसे दोराने खाली सोडत. दोराला लोंबकळत, एका हाताने पहार धरून सुरुंगाची भोके पाडायची, बत्ती द्यायची आणि वर ओढून घेण्याची वाट पाहायची. खाली शेकडो फूट दरी. बायका आणि पोरे डोक्यावरून डबर वाहत. १८६१ च्या सुमारास कामावर ४२ हजारांच्या वर माणसे होती.

ती राहत झोपड्यांत. पटकी आली की वस्तीच्या वस्ती आडवी होई. रोगाने आणि अपघाताने हजारो माणसे गेली. मजुरीही वेळेवर मिळत नसे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला, त्यानंतर ठेकेदार फॅव्हिएल काम सोडून गेला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही दिवसांतच आजारी पडून वारला. त्याची बायको अ‍ॅलिस मागे हटली नाही. तिने ठेका आपल्याकडे ठेवून काम पुरे करून घेतले. बर्कले १८६२ मध्ये वारले. १४ मे १८६३ रोजी घाट सुरू झाला, तो पाहायला ते नव्हते.

या सगळ्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. दोराला लोंबकळणाऱ्यांतले एकही नाव मला कोणत्या ग्रंथात सापडलेले नाही. लोकांनी मात्र आपल्या परीने एक नाव जपले आहे. जुन्या हमरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. गोऱ्या साहेबाला वाट सापडेना, तेव्हा एका धनगराने गुरांमागे फिरून माहीत झालेली वाट त्याला दाखवली आणि त्यापायी त्याचा जीव गेला, अशी कथा सांगतात. कागदोपत्री पुरावा मागू नये अशीच ही कथा आहे. पण ट्रकवाले तिथे वेग कमी करतात, नाणे टाकतात आणि मग पुढे जातात. वाट दाखवणारा इथलाच होता, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

घाट अजूनही सोपा झालेला नाही. १८६७ च्या पावसाळ्यात यातला एक मोठा पूल कोसळला होता. आजही पावसाळ्यात दरडी येतात, आणि भर पावसात रेल्वेचे कामगार रुळांच्या कडेने गस्त घालतात. उतरणाऱ्या गाडीला वाटेत ठरलेल्या जागी थांबावेच लागते. तिथे रूळ दोन वाटांना फुटतात आणि एक फाटा चढावर जाऊन संपतो. गाडी नीट थांबली, म्हणजे ब्रेक धडधाकट आहेत असे ठरले, की मगच तिला खालची वाट मिळते. ताबा सुटलेली गाडी त्या चढाच्या फाट्यावर जाऊन अडावी, अशी ही व्यवस्था आहे.

श्रोतेहो, कार्ल्याच्या सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले. घाट फोडणाऱ्यांना जाऊन अजून दोनशेही झालेली नाहीत. कर्जत, खालापूर, मावळ या भागांत, वडार वस्त्यांत, घाटावर आणि कोकणात अशी घरे असतील, जिथे ‘आमचा खापरपणजा बोगद्याच्या कामावर होता’ असे म्हातारी माणसे अजून सांगत असतील. तुमच्या घरात अशी आठवण असेल तर त्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. नाव, गाव, काम काय होते, तो परत आला की नाही, जे सांगतील ते वहीत उतरवून ठेवा आणि एक प्रत गावच्या शाळेत किंवा वाचनालयात द्या. हे काम याच पिढीत व्हायला हवे.