मुखोद्गत वचन आणि मनन

पाठांतराला आजकाल फारसा मान उरलेला नाहीं. अर्थ न समजतां केलेली घोकंपट्टी ही पोपटपंची, आणि पोपटपंची म्हणजे बुद्धीचा आळस, असा समज सुशिक्षितांत रूढ झाला आहे. पुस्तक हाताशीं असतांना तें डोक्यांत कशाला सांठवावयाचें, हा प्रश्नहि वरवर पाहतां रास्त वाटतो. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत मात्र पवित्र शास्त्राचे लांबलचक भाग तोंडपाठ करण्याची परंपरा शेंकडों वर्षें चालत आली, आणि तिनें या प्रश्नाला निराळेंच उत्तर दिलें. तिच्या दृष्टीनें पाठांतर हाच मननाचा आरंभ, आणि पुष्कळ अंशीं तेंच मनन.

या ऐक्याचें मूळ हिब्रू भाषेंत सांपडतें. स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रांत, देवाच्या नियमशास्त्राचें रात्रंदिवस मनन करणाऱ्या मनुष्याला धन्य म्हटलें आहे. तेथें मनन या अर्थीं जें क्रियापद आलें आहे, त्याचा मूळ अर्थ पुटपुटणें असा आहे. यशयाच्या ग्रंथांत तेंच क्रियापद एकदां भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठीं, आणि एकदां घुमणाऱ्या पारव्यासाठीं योजिलें आहे. तेव्हां हें मनन डोळे मिटून निःशब्द बसण्याचें नव्हे. त्यांत ओठ हलत, कंठांतून मंद ध्वनि निघे, आणि वचन जिव्हेवर घोळत राही. चालतां-बोलतां, काम करतां-करतां असें मनन करावयाचें, तर वचन मुखोद्गतच असावें लागतें.

ही रीत चौथ्या शतकांत ख्रिस्ती संन्याशांनीं इजिप्तच्या वाळवंटांत नेटानें चालविली. इ. स. 356 मध्यें निवर्तलेल्या अंतोनीविषयीं त्याचा चरित्रकार अथनेशियस सांगतो कीं, तो शास्त्रवाचन इतक्या एकाग्रतेनें ऐके, कीं पुढें त्याची स्मृतीच त्याचा ग्रंथ झाली. नाईलच्या कांठीं मठ स्थापन करणाऱ्या पाखोमियसाच्या नियमांत तर याची पद्धतशीर योजनाच आढळते. मठांत नव्यानें येणाऱ्याला प्रथम वीस स्तोत्रें, किंवा प्रेषितांचीं दोन पत्रें, किंवा शास्त्राचा दुसरा एखादा भाग द्यावयाचा. तो निरक्षर असेल, तर त्यानें दिवसांतून तीनदां शिक्षकाकडे जाऊन अक्षरें शिकावयाचीं. निदान स्तोत्रसंहिता आणि नवा करार तरी प्रत्येकाच्या मुखीं असावा, अशी अपेक्षा होती. स्तोत्रें 150 आणि नव्या करारांतील पुस्तकें 27, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या अपेक्षेचा आवांका कळतो. दिवसभर हात टोपल्या व चटया विणीत, आणि मुखानें पाठ केलेलें शास्त्र चाले. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या महाराष्ट्रांतील स्त्रीला यांत कांहींच नवल वाटलें नसतें.

पण अर्थ न समजतां केलेल्या पाठांतराचें काय? या आक्षेपाला उत्तर जॉन कॅसियन यानें नोंदवून ठेविलें आहे. इजिप्तमधील संन्याशांच्या सहवासांत राहून हा पुढें आजच्या फ्रान्सच्या दक्षिण भागांत स्थायिक झाला, आणि पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यानें त्या संन्याशांशीं झालेले 24 संवाद लिहिले. त्यांपैकीं चौदाव्या संवादांत नेस्टेरॉस हा संन्यासी शास्त्र पाठ करण्याचे दोन लाभ सांगतो. पहिला असा कीं, मन वचनांत गुंतलें असतां वाईट विचारांना त्यांत शिरण्यास जागा राहत नाहीं. दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. पाठ करतांना मनाची सारी शक्ति शब्द धरून ठेवण्यांत खर्च होते, म्हणून त्या वेळीं पुष्कळ अर्थ निसटतो. परंतु पुढें कामधाम आटोपून रात्रीच्या निवांत वेळीं तींच वचनें मनांत घोळूं लागलीं, म्हणजे दिवसां न कळलेला अर्थ आपोआप उलगडतो. समजल्यावर पाठ करावें, हा शाळेचा क्रम. पाठ केल्यावर समजत जावें, हा मठाचा क्रम होता.

मध्ययुगांतील लॅटिन लेखक या क्रियेला रवंथ म्हणत. गाय कुरणांत चारा पोटांत भरून घेते, आणि मग सावलींत बसून तोच सावकाश चघळते. त्यांतूनच तिचें दूध होतें. ज्यानें आधीं पोटांत कांहीं घेतलें नाहीं, त्यानें रवंथ कशाचें करावयाचें? सहाव्या शतकांत बेनेडिक्टानें आपल्या मठांसाठीं जे नियम केले, त्यांत प्रत्येक आठवड्याला सर्व 150 स्तोत्रें म्हणून पुरीं झालींच पाहिजेत, असा दंडक आहे. इ. स. 787 च्या निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेनें तर बिशप होऊं इच्छिणाऱ्याला समग्र स्तोत्रसंहिता मुखपाठ असली पाहिजे, असाच ठराव केला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. हें पाठांतर सुट्या वचनांचें नव्हतें. नव्या करारांतील वचनांना आज दिसणारे क्रमांक रॉबेर एस्तिएन या मुद्रकानें 1551 मध्यें प्रथम दिले. त्यापूर्वीं पाठ करणारा सबंध स्तोत्र, सबंध पत्र, सबंध प्रसंग स्मृतींत घेई. त्याचें महत्त्व किती, हें मत्तयाच्या शुभवर्तमानांतील मोहाच्या प्रसंगावरून दिसून येतें. येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन, खालीं उडी टाक म्हणून सांगणारा सैतान आपल्या म्हणण्याला आधार म्हणून 91 व्या स्तोत्रांतील वचनें म्हणून दाखवितो. तीं त्याला पाठ आहेत! देवदूत भक्ताला सांभाळतात, या आशयाच्या वचनांवर तो थांबतो. त्याच स्तोत्रांत लगेच पुढें सिंह आणि सर्प पायांखालीं तुडविल्याचा उल्लेख आहे. तो मात्र तो उच्चारीत नाहीं. येशू तिन्ही वेळां अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतून उत्तर देतो. तो सारा भाग रानांत चाळीस वर्षें भटकलेल्या लोकांच्या कसोटीसंबंधींचा आहे, आणि ऐकणारा रानांत चाळीस दिवस उपाशी राहिलेला आहे. सुटें वचन कोणाच्याहि हातांत शस्त्र होतें. सबंध उतारा ज्याच्या स्मृतींत आहे, त्याला तें वचन मागच्या-पुढच्या संदर्भाला जबाबदार ठेवितां येतें.

मुखोद्गत शास्त्राचा आणखी एक गुण संकटकाळीं दिसून आला. बाराव्या शतकांत लियों येथें उदयास आलेल्या वाल्डेन्सी पंथाचा पुढें छळ झाला. तेराव्या शतकांत त्यांच्या विरोधकांनींच लिहून ठेविलें आहे कीं, त्यांच्यांतील एक अडाणी शेतकरी ईयोबाचें पुस्तक शब्दशः म्हणत असे, आणि कित्येकांना सबंध नवा करार येत असे. ग्रंथ जप्त करतां येतो. स्मृति जप्त करतां येत नाहीं.

मराठी भाषेलाहि या परंपरेचा एक धागा लाभला आहे. गोव्यांत आलेल्या फादर स्टीफन्स यांनीं 1616 मध्यें ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केलें. तें शास्त्राचें भाषांतर नव्हे. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंतची कथा त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांत सांगितली आहे. पुराणश्रवणाची संवय झालेल्या कानांना जें गातां येतें तेंच स्मरणांत राहतें, हें त्या इंग्रज धर्मगुरूनें ओळखलें होतें.

तरीहि संख्येच्या मोहापासून ही परंपरा स्वतःला जपत आली. पांबो नांवाच्या एका निरक्षर संन्याशाची गोष्ट पांचव्या शतकांतील एका इतिहासकारानें दिली आहे. पांबो एक स्तोत्र शिकण्यास गुरूकडे गेला. जिभेनें पाप घडूं नये म्हणून सावध राहण्याचा निश्चय ज्यांत आहे, तें 39 व्या स्तोत्राचें पहिलें वचन ऐकतांच तो उठला. एवढें आचरणांत आलें तरी पुरे, असें त्याचें म्हणणें. सहा महिन्यांनीं गुरूनें, पुन्हां आला कां नाहींस, असें विचारलें, तेव्हां पहिलें वचन अजून आलें नाहीं, असें त्यानें उत्तर दिलें. पुष्कळ वर्षांनीं कोणीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला कीं, एकोणीस वर्षांत तें कसेंबसें साधलें.

ज्यांना 150 स्तोत्रें मुखोद्गत होतीं, त्यांनींच एका वचनावर एकोणीस वर्षें घालविणाऱ्याची कथा आदरानें जतन करून ठेविली. दोहोंत विरोध त्यांना दिसला नाहीं. लांब उतारा पाठ केला म्हणजे मनाला वावरण्यास विस्तीर्ण रान मिळतें. त्या रानांत एखादें वचन वाट अडवून उभें राहतें, आणि तेथें मनुष्याला थांबावें लागतें. पण तें वचन कोणतें, आणि तें कोणत्या दिवशीं आडवें येईल, हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून सारेंच बरोबर बाळगावयाचें.