लहान अंग, तेवढंच विष

लाल विंचवाच्या नांगीतून उतरणारं विष बापाला आणि लेकराला साधारण सारखंच. सत्तर किलोच्या शेतकऱ्याच्या अंगात जे पसरतं, ते दहा किलोच्या मुलाच्या अंगात एकवटतं. शिवाय दोन वर्षांच्या मुलाला काय चावलं ते सांगता येत नाही. ते रडतं, घामानं भिजतं, ओकतं, हातपाय गार पडतात. घरच्यांना वाटतं, काहीतरी बाधलं.

गोव्यातलं सर्वण असो की पेडण्याच्या टोकाचा एखादा वाडा, चिऱ्याच्या भिंतीतल्या फटी, परसातली लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग, काजूखालचा पालापाचोळा या सगळ्या विंचवाच्या जागा आहेत. बोंडू वेचायला मुलं नेमकी तिथंच हात घालतात.

या विषयावर जगाला शहाणं केलं ते आपल्या शेजारच्या कोकणानं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचू चावून प्रकृती गंभीर झालेल्या दर दहा रुग्णांपैकी तिघांच्या आसपास दगावत. पाठ्यपुस्तकांत उपयोगाचं फारसं काही नव्हतं. मग हा तरुण डॉक्टर रात्र रात्र खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचं तापमान टिपत राहिला. त्या नोंदींतून दिसलं की रुग्ण जातो तो हृदय थकून आणि फुप्फुसांत पाणी भरून. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं त्यांची निरीक्षणं छापली.

विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, शरीर अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांनी भरून जातं, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर पेलवणार नाही असा ताण येतो. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध बाजारात होतंच: प्राझोसिन, रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ती विंचूदंशावर चालते हे बावस्करांनी 1986 मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मधूनच मांडलं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या जोडीनं राहिल्या. जिथं गोळी वेळेवर मिळाली, तिथं मृत्यूचं प्रमाण शेकड्यात एकाच्या आसपास उतरलं. पुढे प्रतिविषही आलं. 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापलेल्या त्यांच्या चाचणीत 70 रुग्ण होते. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवरच्या 35 पैकी तेवढ्या वेळात आठच. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे. साहित्याच्या माणसांनी ते आवर्जून वाचावं.

पण औषध सापडलं म्हणजे ते मुलापर्यंत पोचलं असं होत नाही. मधले तास कुठं जातात? विंचू उतरवणाऱ्याकडे, पाला चोळण्यात, कांदा लावण्यात. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याचा दंश बहुधा दुखण्यावरच निभावतो. मंत्र टाकणाऱ्याची ख्याती बरीचशी या काळ्या विंचवानं वाढवलेली आहे. छोट्या लाल विंचवाचा दंश झालेल्या मुलाला मात्र तेवढी सवड नसते. दुखणं किती मोठं यावरून धोका मोजू नये. भरपूर रडणाऱ्या मुलापेक्षा घामाघूम होऊन गार पडत चाललेल्या मुलाची काळजी अधिक.

आणखी एक गोष्ट प्रत्येक आईच्या कानावर जायला हवी. प्राझोसिन दिल्यावर मुलाला उचलून घ्यायचं नाही, आडवंच ठेवायचं. उभं केलं की रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. लेकरू रडत असताना त्याला न उचलणं आईला फार जड जातं, म्हणून ते डॉक्टरांनी तिच्या भाषेत, खाटेशेजारी उभं राहून समजावलं पाहिजे. चिठ्ठीवर लिहून भागत नाही.

जगात दरवर्षी बारा लाखांहून अधिक विंचूदंश आणि तीन हजारांवर मृत्यू होतात, असा अंदाज 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या तालुक्यांचा त्यातला वाटा किती, हे नीट नोंद ठेवल्याशिवाय कळणार नाही. ब्राझीलमध्ये विंचूदंशाची नोंद सक्तीची आहे, म्हणून तिथल्या शहरांत तो वाढतोय हे वेळेत कळलं. 2024 च्या नोव्हेंबरात आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. ते योग्यच झालं. पण तेच छप्पर, तोच काळोख, तेच मूल असताना विंचू त्या यादीबाहेर का राहावा?

दोडामार्ग-सावंतवाडीकडचे रुग्णही गंभीर झाले की बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येतात. म्हणजे बांबोळीत विंचूदंशाची नोंदवही ठेवली, तर तिच्यात दोन राज्यांची मुलं येतील. तिथं, आणि डिचोली-पेडण्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात, विंचूदंशाचं एक पान उघडावं असा ठराव आपण जमलो आहोत त्या अधिवेशनानं करावा. मुलाचं वय, वजन, गाव, दंशाची वेळ, केंद्रात पोचल्याची वेळ, पहिली गोळी दिल्याची वेळ: एवढेच रकाने. पावसाळ्याआधी, काजूचा हंगाम सुरू असतानाच हे पान सुरू व्हावं, आणि प्राझोसिनच्या गोळ्या प्रत्येक केंद्राच्या कपाटात आहेत की नाही हे त्याच दिवशी पाहून घ्यावं.