तू नक्की काय करतेस गं?



गणपतीच्या कार्यक्रमात महाप्रसादाच्या रांगेत उभी असताना एका काकूंनी मला विचारलं, "तू नक्की काय करतेस गं? जिममध्ये असतेस की हॉस्पिटलात?" मी म्हटलं, हॉस्पिटलात, पण ट्रेडमिलपाशी. "अच्छा, म्हणजे फिजिओथेरपिस्ट!" काकूंनी निकाल देऊन टाकला आणि रांग पुढे सरकली.

तर मी फिजिओथेरपिस्ट नाही. मी एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट आहे. हा फरक मलासुद्धा अमेरिकेत येऊन दोन महिने झाल्यावर कळला, आणि तोवर बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलेलं होतं.

पुण्यात मी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी घेतली होती. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका माणसाने आम्हाला सांगितलं, "एक्सरसाइज फिजिऑलॉजीत एमएस करा, दोन वर्षांत तिकडे फिजिओ म्हणून लागाल." तो मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्यालाच माहीत नसावं. पण आम्हीही विद्यापीठाला एक साधी ईमेल करून विचारलं नाही. पहिल्या सेमिस्टरमध्ये मी आमच्या प्राध्यापकबाईंना विचारलं, "परवान्याची परीक्षा कधी असते?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

इथे फिजिओ व्हायचं तर डीपीटी करावं लागतं. ती डॉक्टरेट आहे, साधारण तीन वर्षांची. मग एनपीटीई ही परीक्षा आणि राज्याचा परवाना. भारतातून बीपीटी करून आलेल्यांनी आधी आपल्या पदवीची विषयवार तपासणी करून घ्यायची, जे कमी पडेल ते भरून काढायचं आणि मग त्याच परीक्षेला बसायचं. एक्सरसाइज फिजिऑलॉजीच्या एमएसने तो परवाना मिळत नाही. आमच्या कामाला लुइझियाना सोडलं तर राज्याचा परवाना लागतच नाही.

त्या रात्री मी घरी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला तेव्हा आईला फक्त थंडीबद्दल सांगितलं.

मग शिकायला काय मिळालं? तेही सांगते, कारण विषय खरंच सुंदर आहे. शरीरावर श्रम पडले की हृदय, फुप्फुसं, स्नायू काय करतात, ते मोजायचं. ए. व्ही. हिल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात पाठीला पिशवी बांधून, स्वतः मैदानात धावून आपला उच्छ्वास गोळा केला होता. आमच्या प्रयोगशाळेत पिशवीऐवजी यंत्र होतं. रोज सकाळी तीन लिटरच्या भल्यामोठ्या सिरिंजने त्यात हवा ढकलून ते जुळवून घ्यायचं, मग धावपटूच्या तोंडाला मास्क लावायचा आणि ट्रेडमिलचा वेग व चढ वाढवत न्यायचा. शेजारी बादली ठेवलेली असे. बहुतेक वेळा ती लागायची.

पण माझी नोकरी त्या यंत्रावर नव्हे, तासांवर ठरली. हॉस्पिटलात काम करायला उपयोगी पडतं ते एसीएसएमचं क्लिनिकल प्रमाणपत्र. मी त्याची चौकशी केली तेव्हा मास्टर्स असेल तर प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे ६०० तास लागत, नुसती बॅचलर्स असेल तर १२००. काही विद्यापीठं हॉस्पिटलशी जोडलेली असतात, तिथे हे तास अभ्यासक्रमातच होतात. माझ्या विद्यापीठात तशी सोय नव्हती. आणि विद्यार्थी व्हिसावर बाहेर काम करायला सीपीटीची परवानगी लागते, ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. म्हणजे वर्षभर हातावर हात ठेवून बसायचं. दुसऱ्या वर्षी मी शहरातल्या कार्डिअॅक रिहॅबची दारं ठोठावत फिरले. चौथ्या ठिकाणी हो म्हणाले.

आता तिथलंच काम करते. हार्ट अॅटॅक किंवा बायपास झालेले लोक येतात. मेडिकेअर साधारण ३६ सत्रांचा खर्च देतं. मॉनिटर लावून चालवायचं आणि अधूनमधून विचारायचं, किती श्रम वाटतात? ६ ते २० असा बोर्ग यांचा तक्ता समोर असतो. आपले आजोबा मंडळी हमखास "ठीक आहे" म्हणतात. "ठीक आहे" हा आकडा नाही हो! मग मी मराठीत विचारते, "चालताना गप्पा मारता येतायत का, की दम लागतोय?" तेव्हा खरं बाहेर येतं. भारतीय उपखंडातल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो. इथली मधुमेह संघटनाही २०१५ पासून आशियाई लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करा म्हणते. त्यामुळे आपली भाषा येणारं कुणीतरी त्या खोलीत असणं मला बरं वाटतं.

पगार फिजिओपेक्षा बराच कमी, हे झाकून ठेवत नाही. भारतातून येणाऱ्यांनी आणखी एक बघावं: आय-२० वर पदवीचा कोड कुठला आहे. शिक्षणानंतर ओपीटीचे १२ महिने मिळतात. वरचे २४ महिने तो कोड स्टेमच्या यादीत असेल तरच. एकाच विषयाला दोन विद्यापीठांत दोन वेगळे कोड असू शकतात. इथेच वाढलेल्या मुलांना पुढे डीपीटीच करायचं असेल तर बॅचलर्स पुरते, मधे मास्टर्सचा खर्च कशाला?

कर्ज अजून दीड वर्षाचं राहिलंय. बाबा सोसायटीत सगळ्यांना "मुलगी अमेरिकेत फिजिओ आहे" असंच सांगतात. मी दुरुस्त करत नाही.

गेल्या आठवड्यात आईच्या मैत्रिणीच्या भाचीचा फोन आला. तीही बीपीटी, तिलाही तेच वाक्य कुणीतरी ऐकवलेलं. मी तिला म्हटलं, पैसे भरू नकोस, आधी विद्यापीठाला लिही: तुमच्या विद्यार्थ्यांचे रुग्णांबरोबरचे तास कुठल्या हॉस्पिटलात होतात, आणि मागच्या बॅचची मुलं आज कुठे काम करतात? तिने लिहिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.