स्ट्राइक : कर्ता कोण?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



शब्दांवर बोलायला लोक भाषेचा प्राध्यापक आणतात. तुम्ही गोदीतला हमाल आणलात. मी मॅट्रिक. इंग्रजीत काठावर पास. पण कविता लिहितो, त्यामुळं शब्दांशी मारामारी रोजचीच. आणि आजचा शब्द तर माझ्या धंद्यातलाच आहे. स्ट्राइक.

आपल्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हा शब्द येतो. गल्लीत क्रिकेट चालू असलं की ते विचारतं, स्ट्राइकवर कोण? टीव्हीवर विमानानं बॉम्ब टाकला की एअर स्ट्राइक. गेटसमोर बावटा लागला की स्ट्राइक.

डिक्शनरी उघडा, नुसती रांग लागते. ठोसा मारला, स्ट्राइक. काडी ओढली, स्ट्राइक. घड्याळात बाराचे टोले पडले, वीज पडली, टांकसाळीत नाणं पाडलं, स्ट्राइक. शेटनं सौदा जमवला, तोही स्ट्राइक. जमिनीत तेल लागलं, रोपानं मूळ धरलं, डोक्यात कल्पना आली, सगळं स्ट्राइक. तंबू उठवला, झेंडा खाली घेतला, तरी हाच शब्द. एका शब्दावर एवढं ओझं! गोदीत एका स्लिंगला इतका माल बांधला तर साखळी तुटून माणूस मरेल.

मला एक कोडं पडलं होतं. यातल्या बहुतेक अर्थांत काहीतरी आदळतं, पेटतं, हलतं. मग काम सोडून गप बसण्याला इंग्रजानं हाच शब्द का लावला? संपात तर हाताची घडी घालून बसायचं. मारायचं कुठाय?

उत्तर बंदरातच निघालं. खलाशांच्या इंग्रजीत शिड खाली घेण्याला स्ट्राइक म्हणत. समुद्रात मोठ्याचं जहाज समोर आलं की धाकट्यानं शिड खाली घ्यायचं, म्हंजे मुजरा करायचा. लढाईत हरलात की झेंडा खाली घ्यायचा. तोही स्ट्राइक. सगळा शरणागतीचा मामला. १७६८ साली लंडनच्या बंदरात मजुरीसाठी खवळलेल्या खलाशांनी जहाजांची वरची शिडं उतरवून टाकली. जहाजं जागच्या जागी. माल पोटात, मालक काठावर बोंबलतोय. काम बंद पाडण्याला स्ट्राइक हे नाव तिथनं पडलं. वाकण्याचा शब्द खलाशांनी उचलला आणि न वाकण्यासाठी वापरला.

आपल्याला ही चाल नवी नाही. दलित म्हंजे काय? दळलेला, तुडवलेला. व्याकरणात हे कर्माचं रूप. दळणारा दुसरा, आपण दळले गेलो. १९७२ साली मुंबईत पोरांनी तोच शब्द पँथरच्या आधी लावला आणि दळणाऱ्याला धडकी भरली. इंग्रजीतही स्ट्राइकचं असं एक दळलेलं भावंड आहे, स्ट्रिकन. रोगानं, दुष्काळानं, दुःखानं मार खाल्लेला तो स्ट्रिकन. धातू एकच. कर्ता झालात तर स्ट्राइक, कर्म झालात तर स्ट्रिकन. म्हणून माझं म्हणणं, नुसता अर्थ पाठ करू नका. वाक्यात कर्ता कोण ते आधी बघा.

१८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार'वरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि रोजचा अपमान यांविरुद्ध काम नाकारलं. सरकारनं त्याला म्युटिनी म्हटलं. म्हंजे बंड, म्हंजे गोळी घालायला मोकळीक. पोरांनी आपल्या समितीचं नाव ठेवलं स्ट्राइक कमिटी. घटना तीच, पण नाव देणारा बदलला की शिक्षा बदलते.

आता मालकाचा स्ट्राइक ऐका. मागल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एकानं हातमोजे मागितले. लोखंडी पत्र्यांचा माल होता, बोटं कापत होती. मागितले म्हंजे मोठ्यानं मागितले, चारचौघांत. दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या वहीत त्याच्या नावावर आडवी रेघ. नोटीस नाही, चौकशी नाही. कंत्राटी माणसाला काढायला पेनचं टोक पुरतं. इंग्रजीत याला म्हणतात स्ट्राइक ऑफ. आम्ही स्ट्राइक करायला पन्नास माणसं लागतात. त्याला एक रेघ लागते. आणि आम्ही पन्नास जण त्या दिवशी मुकाट माल उतरवत होतो.

का? मुकादम दांडगा म्हणून? तेवढंच नाही. आपला शब्द काय सांगतो बघा. मराठीत आपण संप म्हणतो. गुजरातीत आजही संप म्हंजे एकी, एकोपा. इंग्रजी शब्द घाव सांगतो, आपला शब्द तो घाव कशानं बसतो ते सांगतो. पण एकी कुणाची?

जुन्या इंग्रजीत, हजार वर्षांमागं, स्ट्राइकच्या धातूचा अर्थ मारणं नव्हता. अलगद हात फिरवणं, असा होता. स्ट्रोक हा शब्द त्याच घरातला. मुळात स्पर्श! आणि आमच्या गिरण्यांत स्पर्शावरच अडलं होतं. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा स्पृश्य कामगाराला चालत नव्हता. म्हणून विणखातं आपल्याला बंद. आणि जास्त मजुरी नेमकी तिथंच. १९२८ चा गिरणी संप जवळजवळ सहा महिने चालला. त्या काळात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं मागणी ठेवली, विणखात्याचं दार आमच्या माणसांना उघडा. उपाशी राहायला सगळे सारखे, आणि साच्यावर उभं राहायला नाहीत, ही कसली एकी?

म्हणून कुणी म्हणेल, बाबासाहेब संपाच्या विरुद्ध होते. मग ७ नोव्हेंबर १९३८ वाचा. संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक तंट्यांच्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून त्यात होता. विधिमंडळात त्यांनी मांडलेला मुद्दा असा की, काम करणार नाही म्हणणाऱ्या मजुराला शिक्षा देणं म्हंजे त्याला गुलाम करणं. आपल्या बापजाद्यांनी गावची मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं तेव्हा गावानं बहिष्कार टाकला. त्यांच्या नकाराला कुणी स्ट्राइक म्हटलं नाही, पण होता तो स्ट्राइकच.

आता कायद्यानंच या शब्दाचा अर्थ फुगवलाय. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही स्ट्राइक. आणि आता कुठल्याही कारखान्यात १४ दिवसांच्या नोटिशीशिवाय स्ट्राइक बेकायदा. मुकादमाच्या रेघेला किती दिवसांची नोटीस लागते? हा प्रश्न मला कुठल्या वकिलाला विचारायचा नाही. तुम्हाला विचारायचाय.

तुमच्यातले निम्मे कुरिअर, गोदाम, हाउसकीपिंगमध्ये कंत्राटावर आहेत. उद्या तुमच्यासमोरही कुणाच्या तरी नावावर रेघ पडेल. तो आपला आहे का, परका आहे का, कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, हे विचारत बसलात तर रेघ मारणाऱ्याचं काम झालं. माल खाली ठेवा आणि वही बघायला मागा. सगळ्यांनी मिळून मागा. इंग्रजी नंतर शिकू.

जय भीम.