ओढ्याच्या पाण्याआडची पत्रे



राजेरजवाड्यांची आणि मुत्सद्द्यांची पत्रे जपून ठेवावीत याविषयी सहसा कोणाचे दुमत नसते; परंतु डोंगरातल्या एखाद्या प्रौढ शेतकरणीने आयुष्यात प्रथमच लेखणी हाती धरून लिहिलेल्या चार वेड्यावाकड्या ओळीही त्याच आस्थेने दप्तरी दाखल झाल्या पाहिजेत, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

अमेरिकेतील केंटकी राज्याचा पूर्वभाग अ‍ॅपलेशियन पर्वताच्या कुशीत आहे. तेथे ओढ्याओढ्याच्या काठाने वस्ती विखुरलेली, आणि एके काळी ओढ्याचे पात्र हाच पुष्कळ ठिकाणी रस्ता. तेथल्या रोवन परगण्यात कोरा विल्सन स्टुअर्ट या बाई शाळाखात्याच्या अधिकारी होत्या. शिकागोला गेलेल्या आपल्या मुलीची पत्रे वाचून घ्यायला आणि उत्तरे लिहवून घ्यायला एक निरक्षर आई त्यांच्याकडे येत असे. मध्यंतरी ती बरेच दिवस आली नाही, आणि आली ती आता आपणच वाचते, आपणच लिहिते, असे सांगत. ओढे भरले की पत्र हाती असूनही लेकीचे कुशल कळत नसे. ती तगमग असह्य होऊन तिने घरीच रात्री जागवून अक्षरे गिरवली होती.

या प्रसंगाने ज्यांना चालना दिली त्या चांदण्यारात्रीच्या शाळा सप्टेंबर १९११ मध्ये सुरू झाल्या. वाट दिसावी म्हणून चांदण्या रात्री निवडल्या होत्या, शिक्षक विनावेतन शिकवणार होते, दीडशे माणसे येतील असा अंदाज होता. आली सुमारे बाराशे, त्यांत अठरा वर्षांच्या तरुणांपासून शहाऐंशी वर्षांच्या वृद्धांपर्यंत सारे. अक्षरांच्या खाचा पाडलेल्या टिपकागदावरून पेन्सिल फिरवीत त्यांनी आपापले नाव शिकून घेतले, आणि मग पहिले पत्र लिहिले ते बहुधा स्टुअर्टबाईंनाच. बाईंची कागदपत्रे आज लेक्सिंग्टन येथे केंटकी विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

असे पत्र सांभाळणे म्हणजे केवळ कागद सांभाळणे नव्हे. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून केलेली सुबक नक्कल मला तरी मूळ मजकुराची हानीच वाटते, कारण त्या चुकांतच बोलीचा उच्चार ऐकू येतो. लिफाफाही टाकू नये. पुष्कळदा पत्रावर तारीख नसते, तेव्हा टपालाच्या शिक्क्याचाच दाखला उरतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून घडीवर तुटतो, म्हणून पत्र हलक्या हाताने उलगडावे, गंजलेली टाचणी ओढून न काढता आधी सैल करावी, आणि आम्लरहित कागदाच्या वेष्टनात ते सपाट ठेवावे. घरच्यांनी ज्या क्रमाने गठ्ठा बांधला असेल तो क्रम नोंदवल्यावाचून मोडू नये. कोणते पत्र कोणाला आले आणि त्यापाठोपाठ कोणते, हे पुष्कळदा त्या क्रमावरूनच उमगते.

जुलै २०२२ मध्ये याच पूर्व केंटकीत महापूर आला. व्हाइट्सबर्ग येथील अ‍ॅपलशॉप या संस्थेच्या आणि ट्रबलसम ओढ्याकाठी १९०२ साली स्थापन झालेल्या हिंडमनच्या सेवाभावी शाळेच्या संग्रहांत पाणी शिरले. ज्या पाण्याने एके काळी एका आईची वाट अडवली, तेच आता कपाटांत चढले, या विचाराने माझे मन आजही कासावीस होते. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून अशा वेळी गठ्ठे आहेत तसे गोठवून ठेवतात. मग सवड मिळते. पुढे निर्वात यंत्रात त्यांतला बर्फ वाफ करून काढतात, किंवा थोडी पाने असली तर ती सुटी करून प्रत्येक दोहोंमध्ये कोरडा टिपकागद घालतात. रंगीत शाई अशा पाण्यात फुटते, पेन्सिलीचे अक्षर मात्र सहसा टिकते. टिपकागद ओला झाला की काढायचा, दुसरा घालायचा, पान कोरडे होईपर्यंत पुन्हा तिसरा.