घरकुलांची यादी आणि ग्रामसभेचा अधिकार

(साक्री येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी आटोपली की साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातील पाडे ओस पडू लागतात. भिल्ल, कोकणी, मावची कुटुंबे उसतोडीसाठी घाट उतरून गुजरातेत जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मार्चअखेरचे उद्दिष्ट गाठण्यासाठी घरकुलांच्या कारभाराला वेग येतो तो नेमका याच महिन्यांत. बांधकामाच्या टप्प्याचे छायाचित्र काढल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि जोते बांधणारे हात तर बारडोलीकडच्या फडात कोयता चालवीत असतात. मग कागदावर शेरा पडतो की, लाभार्थी उदासीन आहे. ज्यांनी योजनेचे वेळापत्रक आखले त्यांच्या उदासीनतेवर शेरा मारण्याची सोय मात्र कोणत्याही नमुन्यात नसते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०१६ साली सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. त्याशिवाय रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी धरण्यात आली. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे, अशी अट आली. लोखंड, सिमेंट आणि वाळू यांचे भाव पाहता ही रक्कम भिंती उभ्या करते आणि छपरापाशी संपते. उरलेला पैसा येतो मुकादमाच्या उचलीतून. म्हणजे पाटी सरकारी योजनेची लागते, आणि गहाण पडतो तो मजुराचा पुढचा हंगाम.

परंतु पैशाहून अवघड प्रश्न जागेचा आहे. अनुदान मिळते ते ज्याच्यापाशी जागा आहे त्याला. गावठाण अपुरे पडले म्हणून भूमिहीन माणूस गायरानात कुडाची झोपडी घालतो आणि अतिक्रमणदार ठरतो. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. तो निकाल दाखवून गरिबांना दरडावण्यात येते. पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्ट्याने दिलेल्या जागा अपवाद म्हणून नियमित करता येतील, असेही त्याच निकालात म्हटले आहे. तेवढा परिच्छेद वाचून दाखविणारा कार्यकर्ता गावोगावी हवा.

स्थानिक संस्थांनी गरिबांच्या घरांची जबाबदारी उचलावी, ही समाजवाद्यांची मागणी रास्तच आहे. मात्र खानदेशाने तिची दुसरी बाजूही पाहिली आहे. जळगाव नगरपालिकेने गेल्या शतकाच्या अखेरीस ११ हजारांहून अधिक घरकुलांची योजना आखली. हुडकोचे कर्ज काढले, ठेका दिला आणि ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ रकमा दिल्या. घरे रखडली, कर्ज मात्र शहराच्या डोक्यावर वर्षानुवर्षे राहिले. २००६ साली महापालिकेच्या आयुक्तांनीच फिर्याद नोंदविली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने २९ कोटींच्या या प्रकरणात माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरविले. निकालाविरुद्ध अपिले उच्च न्यायालयात गेली. अपिलांत जे ठरायचे ते ठरो. कर्ज काढण्यास आणि ठेका देण्यास सभागृहातील हात वर होणे पुरेसे होते. ज्याला त्या घरात राहायचे त्याला विचारण्याची गरज कोणत्याही टप्प्यावर नव्हती, ही गोष्ट अपिलावर अवलंबून नाही.

याच महाराष्ट्रात सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्था काढली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले, स्वतःचा हिस्सा भरला, केंद्र आणि राज्य सरकारकडून त्यांचे हिस्से झगडून मिळविले. २००६ साली १० हजार घरांचे हस्तांतरण झाले. ती चळवळ साम्यवाद्यांची होती. म्हणून तिच्यापासून शिकू नये असे थोडेच आहे!

साक्री तालुक्यातील ८० गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्यातील चौथे कलम लाभार्थी निवडण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकते आणि खर्च योग्य झाल्याचा दाखलाही पंचायतीने ग्रामसभेकडूनच घ्यावा, असे सांगते. जळगावच्या झोपडीवासीयांपाशी हे हत्यार नव्हते. साक्रीच्या पाड्यांपाशी ते आहे, पण म्यानात आहे.

ग्रामसभेवर भिस्त ठेवताना एक कडू गोष्ट झाकून चालणार नाही. १ जुलै २०१८ रोजी याच तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. पालात राहणाऱ्या माणसाची कोणतीच ग्रामसभा नसते, त्यामुळे तो कोणत्याच यादीत नसतो. राज्याने २०११ साली यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. तिच्यात भटक्या कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि घर देण्याची तरतूद झाली. ती जागा कोणत्या तरी गावाच्या शिवारातच द्यावी लागेल, आणि तेथे नकाराचा पहिला हात याच ग्रामसभेत वर होण्याची भीती आहे. कार्यकर्त्याला तेव्हा आपल्याच माणसांशी वाद घालावा लागेल.

२६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा उसतोड कामगार फडात असतात. यादीला त्यांच्यामागेच मंजुरी मिळते. १५ ऑगस्टला ते गावी असतात. त्या सभेत घरकुलांची यादी मोठ्याने वाचायला लावावी, वगळलेल्या नावांची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी, आणि हप्त्यांचे वेळापत्रक हंगामाशी जुळविण्याचा ठराव साक्रीच्या पंचायत समितीकडे पाठवावा. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी.